बिनलाईटची जागा

३ जानेवारी, शनिवार

२६ तारखेला सोमवार. म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. फॅमिलीला घेऊन टेंटमध्ये राहायचं नक्की केलं. उजनीच्या पाण्याकाठी रावजी म्हणून एक शेतकरी आहेत. त्यांनी शेताच्या कडेला कॅम्पिंगची सोय केली आहे. टेंट आपला, जागा त्यांची. फोन लावला. जागा दोन प्रकारच्या निघाल्या. लाईटवाल्या जागेवर खांब, खांबाला डबा, डब्यात प्लग. बिनलाईटच्या जागेवर काहीच नाही.

ताबडतोब बिनलाईटची सांगितली. एका मिनिटात निर्णय. अंधार, चांदण्या, गप्पा. सोनम अकरावीत आहे. पुढच्या वर्षी बारावी, नंतर ती कुठल्या गावाला असेल कोण जाणे. मोबाईलची बॅटरी संपली की पोरगी बापाकडे बघेल.

प्लगचा आणि त्या मशीनचा काही संबंध नाही.

४ जानेवारी

काल मशीनबद्दल उगाच लिहिलं. आता लिहिलंच आहे तर एकदाच स्पष्ट करतो.

नोव्हेंबरमध्ये दिपालीनं हट्ट धरून माझी झोपेची टेस्ट करायला लावली. बायकोपुढे काय बोलणार. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नुसते घोरत नाही, घोरता घोरता तुमचा श्वास थांबतो. तासाला एकेचाळीस वेळा. तेव्हापासून रात्री नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला मशीन, मशीनला लाईट. डॉक्टरांनी रोज लावायला सांगितलं आहे. मी लावतो. आठवड्यातून दोनदा तरी लावतोच.

मास्क लावून स्वतःला एकदाच आरशात पाहिलं. हेड क्लार्क माणूस. पन्नास जणांच्या रजा ज्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नाहीत, त्याच्या तोंडाला सोंड.

ही गोष्ट घराबाहेर कुणालाही माहीत नाही. कुमारला तर कळताच कामा नये. कुमार म्हणजे दिपालीचा धाकटा भाऊ. रोज पहाटे दहा किलोमीटर पळतो आणि कुठून कुठपर्यंत पळाला त्याचा नकाशा नातेवाइकांना पाठवतो. तोही कॅम्पिंगला येणार आहे. त्याला मीच बोलावलं. नाही बोलावलं असतं तर दिपालीनं बोलावलं असतं.

६ जानेवारी

जेवणानंतर मतदान घेतलं. आमच्या घरात लोकशाही आहे. बिनलाईटची जागा कुणाकुणाला चालेल, हात वर.

आईनं पहिला हात वर केला. म्हणाली, "तू म्हनशील तितं. मला काय, भाकरी मिळाली म्हंजी झालं." आई मोडनिंबची. तिनं अर्धं आयुष्य कंदिलात काढलंय. सोनमनं फोन धरलेलाच हात वर केला. दिपालीनं हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "अहो, दोन रात्री मशीनशिवाय?" मी म्हणालो, दोन रात्रींनी काय होतंय. मग तिनंही हात वर केला.

चार विरुद्ध शून्य. घर पाठीशी असलं की माणूस काहीही करू शकतो.

११ जानेवारी, रविवार

गच्चीवर टेंट उभारण्याचा सराव. दोन तास दहा मिनिटं. टेंट सदोष असावा, एक काठी जास्तच येते. शेवटी सोनमनं फोनवर व्हिडिओ बघत तो बारा मिनिटांत उभा केला. अर्थात निम्मं काम मी करून ठेवलं होतं.

उद्यापासून पहाटे चालायला जायचं. कुमारला कळवायचं नाही.

१२ जानेवारी

थंडी. उद्यापासून.

१७ जानेवारी, शनिवार

नवी पेठेत खरेदी. चार कानटोप्या, एक टॉर्च, आईला लोकरी मोजे. ऑफिसातले लोक स्लीपिंग बॅग घ्या म्हणत होते. सोलापूरचा माणूस चादर सोडून पिशवीत झोपायला लागला तर गावाला काय तोंड दाखवणार?

दिपालीनं इलेक्ट्रिकच्या दुकानातून भलीमोठी लांब एक्स्टेन्शन वायर घेतली. कशाला विचारलं तर म्हणाली, घरात लागतेच. खरं आहे. लागते.

२३ जानेवारी

पॅकिंग. शेंगाचटणी, कडक भाकरी, चादरी. दिपालीची एक बॅग फार जड आहे. उचलायला गेलो तर म्हणाली, राहू द्या, साड्या आहेत. दिपाली वर्षातून तीनदा साडी नेसते. बाहेरगावी गेल्यावर हौस येत असेल.

२४ जानेवारी, शनिवार. दुपारी साडेतीन. पाण्याकाठी.

रागात लिहितोय म्हणून अक्षर असं.

गाडीतून उतरलो. रावजी समोर आले. पांढरी टोपी, मोठं हसू. मी बिनलाईटच्या जागेचं विचारणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "या की साहेब. बाईंनी परवाच फोन केल्ता. लाईटवाली एक नंबरची जागा ठिवलीया. श्वासाच्या मशीनला लागती म्हनल्या."

सगळ्यांदेखत. कुमारच्या देखत.

दिपालीकडे बघितलं. ती बॅगेची चेन बघत होती. साड्यांची बॅग. सतरा वर्षांचा संसार आणि ही फितुरी. मतदानात वर केलेल्या हाताला काही किंमत आहे की नाही?

कुमार पाठ करून उभा होता. पाण्यावरचे पक्षी बघत होता. म्हणजे त्यानं ऐकलं नाही. एवढं तरी नशीब.

मी रावजींना ठणकावलं, बिनलाईटचीच जागा हवी. ते म्हणाले, "व्हय, हाय की. सात नंबर मोकळीच हाय. तितं कोनी जात न्हाय." टेंट खांद्यावर घेतला आणि चालू लागलो. मागे वळून बघितलं नाही. दोनशे पावलं झाल्यावर बघितलं. आई, दिपाली, सोनम तिघी मागून येत होत्या. कुमार एक नंबरवर आपला छोटा टेंट लावत होता. लावू दे. ज्याची त्याची कुवत.

फितुरी माफ केली. मनातल्या मनात.

संध्याकाळी सात

अंधार उत्तम आहे. सोनमचा फोन अजून सदुसष्ट टक्के.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी सात.

जागा झालो तर टेंटमध्ये एकटा. तीन चादरी घडी करून ठेवलेल्या. बाहेर आलो. लांब एक नंबरवर सगळे चहा पीत बसलेले. शेगडीवर वाफ. माझ्याशिवाय.

तिकडे गेलो. कुणी डोळ्याला डोळा देईना. दिपालीचे डोळे सुजलेले. सोनम गुडघ्यावर डोकं ठेवून बसल्या बसल्या पेंगत होती. मी विचारलं, मला एकट्याला टाकून कधी पळालात? घोरण्याचा एवढा त्रास होतो तर तोंडावर सांगायचं.

आई म्हणाली, "घोरतूस त्येचं कायबी न्हाय रं उदय. तुझा बापबी घोरायचा. तू मधीच गप बसतूस, त्येचं भ्या वाटतंय."

कुणी पळालं नव्हतं म्हणे. रात्री तिघींनी पाळी लावली होती. एकीनं माझ्याजवळ बसायचं, दोघींनी झोपायचं. उजाडल्यावर चहाला उठल्या. माझ्या झोपेवर पहारा! मला न विचारता! आरोपी आहे का मी?

मी म्हणालो, एवढं काही होत नाही, तुम्ही वाढवून सांगताय. तेव्हा सोनमनं फोन पुढे केला.

व्हिडिओ. टॉर्चच्या उजेडात मी. घोरतोय. मग गप्प. छाती हलत नाही. खाली सेकंद पळतायत. वीस. तीस. मध्येच सोनमचा बारीक आवाज येतो, "घ्या ना पप्पा. घ्या." काय घ्या म्हणते ते मला आधी कळलंच नाही. अडतीस सेकंदांनी मी एकदम घुसमटल्यासारखा श्वास घेतला आणि व्हिडिओ संपला.

व्हिडिओचा वेग कमीजास्त करता येतो हल्ली. तसं काहीतरी असणार.

सकाळी अकरा

धक्के संपत नाहीत. दिपालीनं वेळ बघायला तिचा फोन दिला. त्यावर एक ग्रुप उघडा होता. नाव: पप्पांचा श्वास. मेंबर चार. आईला मेसेज टाइप करता येत नाही, पण ती आहे. नोव्हेंबरपासून रोज सकाळी एक मेसेज. 'काल लावलं.' 'काल नाही लावलं.' 'नाही लावलं.' 'नाही.' 'नाही.'

ॲडमिन कुमार.

सात नंबरवर येऊन बसलोय. जेवायला जाणार नाही.

दुपारी पावणेदोन

गेलो. पिठलं होतं.

संध्याकाळी साडेसहा

जेवून सात नंबरवर परत आलो. पाण्याकडे बघत बसलो. पक्षी बरे. कुणाचा ग्रुप नाही.

सूर्य टेकल्यावर कुमार सात नंबरवर आला. दोन्ही हातांवर मशीन, खांद्यावर ती लांब वायर. आता हसेल, मग मी काय बोलायचं ते मी नोव्हेंबरपासून तयार ठेवलं होतं. तो हसला नाही. मशीन खाली ठेवलं आणि मातीत माझ्या शेजारी बसला.

म्हणाला, "दाजी, हे मशीन मीच निवडून आणलं होतं. ताई एकटी कुठं चौकशी करत फिरणार? तुम्हाला आवडणार नाही म्हणून माझं नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं."

तीन महिने ज्याच्यापासून लपवलं, त्यानंच आणलेली वस्तू नाकाला लावून झोपत होतो. आठवड्यातून दोनदा.

मी विचारलं, हसलास किती? तो म्हणाला, "ताईचा फोन आला तेव्हा रडत होती. हसायला वेळच नव्हता." मग पँट झटकत उठला. म्हणाला, "माझ्यावर रागवा, पण लावा. आज आईंना झोपू द्या."

वायर इथपर्यंत पोचत नाही. मुक्काम एक नंबरला हलवायचा विचार केला आहे. तत्त्व सोडलेलं नाही. आईचं वय चौऱ्याहत्तर आहे, म्हणून.

रात्री नऊ

टेंट हलवला. मशीन लावलं. सगळ्यांसमोर मास्क चढवला. रावजीही बघायला आले, म्हणाले, "इमानातल्या पायलटवानी दिसतंय की." सोनम हसली. माझ्याकडे बघून हसली. बऱ्याच दिवसांनी. बटण दाबलं, हवा सुरू झाली.

आणि लाईट गेली.

रावजी टॉर्च घेऊन शेतातून जाऊन आले. "डीपीवर उडालंय कायतरी साहेब. वायरमन सकाळी यील." मी म्हणालो, ही लाईटवाली जागा आहे ना? म्हणाले, "व्हय की. लाईट असली म्हंजी हाय."

दोन दिवस सगळ्यांशी भांडून अखेर ज्या प्लगला शरण गेलो, त्यानंही दगा दिला. आता कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा?

दिपाली लगेच पाळ्या लावायला लागली. मी हात वर करून थांबवलं. आज कुणी जागायचं नाही. मी झोपणारच नाही, म्हणजे श्वासाचा प्रश्नच मिटला. खुर्चीत बसतो, तुम्हा सगळ्यांवर मी लक्ष ठेवतो. बरेच आढेवेढे घेऊन ऐकलं सगळ्यांनी. आत गेले.

खुर्ची टेंटच्या दारात. अंगावर चादर. निर्धार पक्का.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी साडेसहा.

रात्रभर जागलो! एक क्षण डोळा लागला नाही. घरच्या कर्त्या माणसाचं काम काय असतं ते आज कळलं. सगळे आत शांत झोपलेले आणि मी पहाऱ्यावर. उजाडलंही पटकन. जागं असलं की वेळ जातो.

एक नवल. रात्रभर झोपूनही सगळे जांभया देतायत. सोनम चहाच्या कपातच पेंगली. कुमार तर पळायलाही गेला नाही. बाहेरच्या हवेची सवय नाही यांना. मी मात्र ताजातवाना आहे. मान तेवढी जरा अवघडलीय.

गाडी कुमार चालवणार होता. मी म्हणालो, तू मागे झोप, मी चालवतो. रात्रभर जागलेला माणूस, पण हात स्थिर. टेंभुर्णी सोडेपर्यंत चौघंही गाढ झोपली होती. चौघंही एका सुरात घोरत होती. कुणाचाच श्वास थांबला नाही. मी मोजत होतो.

२७ जानेवारी, मंगळवार. सोलापूर.

रात्री मशीन लावलं. सकाळी कुमारनं मला त्या ग्रुपमध्ये घेतलं. पहिला मेसेज मीच टाकला: काल लावलं. चार अंगठे आले. आईचा सोनमनं दाबला असेल.

मग सोनमनं एक फोटो टाकला. त्याखाली काहीच लिहिलं नाही. रविवारची रात्र, वेळ एक वाजून बारा मिनिटं. टेंटच्या दारात खुर्ची. खुर्चीत मी, तोंड उघडं. माझी मान कलंडू नये म्हणून कुमारनं मागून दोन्ही हातांनी डोकं धरलंय. दिपाली चादर सारखी करतेय. आई समोर मातीत बसलीय आणि तिचं एक बोट माझ्या नाकाखाली आहे. फोटोच्या कोपऱ्यात सोनमचा अंगठा आलाय.

दोनदा झूम करून बघितलं. फोटोत मी सोडून सगळे जागे आहेत.