थर उतरतो आहे

३ जून १९८४, रविवार

पोचले एकदाची. विमानात तीन तास मांडीवर शिलाई मशीन घेऊन बसले होते, सामानात टाकलं तर मोडणार याची मला खात्री होती. पाय अजून बधिर आहेत. पण घर छान आहे. दोन खोल्या, तेलाची शेगडी, आणि खिडकीतून अख्खं तळं दिसतं, अजून गोठलेलं. किनाऱ्यावरच्या जुन्या घरात खिडकीतून फक्त शेजाऱ्याचं तेलाचं पिंप दिसायचं.

नोकरी म्हणजे चुंबक-केंद्राची राखण. आधीचा माणूस मार्चमध्ये दक्षिणेला निघून गेला, तेव्हापासून जागा रिकामी होती. कामं दोन. रोज सकाळी मागच्या लाकडी खोपटात जाऊन पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं. खोपटात लोखंडाचा एकही खिळा नाही, सगळे पितळेचे, आणि आत जाणाऱ्याच्या अंगावरही लोखंड चालत नाही. किल्ल्या, घड्याळ, केसांतल्या पिना, आतल्या कपड्यांचे हूकसुद्धा. मला शिकवणाऱ्या साहेबाने हे शेवटचं छताकडे बघत सांगितलं होतं. दुसरं काम यंत्र स्वतःच करतं. दर तासाला ते रेडिओची एक टिचकी वर मारतं, ती हवेच्याही वरच्या, विजेने भारलेल्या थरावर आपटून परत येते, आणि थर किती उंच आहे ते कागदावर उमटतं. अडीचशे किलोमीटर, थोडं इकडे तिकडे. याच थरावर आपटून आमचे रेडिओवरचे आवाज टेकड्यांपलीकडच्या तंबूंत पोचतात, तेव्हा त्याच्याशी माझं जुनंच नातं आहे म्हणायचं.

माझा नवरा अकुमालिक आणि आई स्नोमोबाईलने मागून येताहेत. तळ्याच्या पलीकडे मासेमारीला दोन आठवडे थांबतील, मग बर्फावरून इकडे. आई म्हणजे माझी नऊ वर्षांची लेक. माझी आई गेली त्याच वर्षी ही जन्मली, तिचंच नाव ठेवलं, म्हणून ती माझी आईच. रागवायची वेळ आली की मोठी पंचाईत होते.

५ जून

संध्याकाळी सहाला रेडिओ लावला. अकुमालिकचा आवाज इतका स्वच्छ आला की तोंडातला घास चावल्याचंही ऐकू आलं. म्हणाला, तळ्यातले मासे त्याच्या मांडीएवढे आहेत. मी म्हटलं, कुठल्या मांडीएवढे, तू उपाशी असतानाच्या का? आई मागून हसली.

रेडिओवर नाव कुणी सांगत नाही. आवाज पुरतो. नाव विचारणं म्हणजे तू मला परका आहेस असं म्हणणं.

त्याला हे तळं ठाऊक नाही, तो समुद्राचा माणूस. म्हणून इकडे यायचा रस्ता मी सांगायचा असं ठरलंय. मला तो शेजारची उविलूक सांगते, जी सत्तर वर्षं इथेच राहिली आहे. रोज ती दुखऱ्या गुडघ्याने तळ्याच्या काठी जाते, काठीने बर्फ ठोकते आणि नाक मुरडते, म्हणजे नाही, किंवा भुवया उंचावते, म्हणजे हो. रस्ते दोन. सरळ यायचं तर नदीच्या तोंडावरून, तीन तास. बेटाच्या मागून वळसा घेतला तर अख्खा दिवस. नदीच्या तोंडाशी खालून पाणी वाहतं, तिथलं बर्फ सगळ्यांच्या आधी सडतं. आज उविलूकने नाक मुरडलं. म्हणजे वळसा.

९ जून

ऊन मावळतच नाही. खिडकीला गोधडी लावली तरी कडांतून येतं. झोप लागत नाही, लागली तर लगेच उघडते.

चुंबकत्व उतरतंय. रोज थोडं थोडं, पण थांबत नाही. आणि कागदावरची रेघही. थर काल दोनशे दहावर होता, आज एकशे साठवर. ऑफिसला फोन केला. तिकडचा माणूस सांगत होता, की चुंबकत्व हललं की वरचा थर हलतो, ध्रुव जवळ असल्यामुळे तुमच्याकडे जरा जास्तच. पण एवढा खाली यायला नको. पिना काढता ना आत जाताना, असंही विचारलं. मी म्हटलं, पिनाच काय, बाकीचंही काढते. त्याने घाईघाईने फोन ठेवला.

१२ जून

तीन दिवस सहाच्या रेडिओवर नुसती खरखर. मी बोलते, उत्तर नाही. थर एकशे दहा.

उविलूक चहाला आली. भाकरीचा तुकडा बुडवत म्हणाली, पोरी, काल रेडिओवर छान बोललीस, तुझ्या लेकीला भूक लागली का विचारलंस तेव्हा मला माझ्या आईची आठवण झाली. मी म्हटलं, आजी, मी काल बोललेच नाही, रेडिओ मेलाय. तिने भुवया उंचावल्या, म्हणजे हो, ऐकलं. म्हाताऱ्या माणसांचं ऐकणं असंच, म्हणून मी विषय सोडला.

जाता जाता म्हणाली, आधीचा माणूस असाच बोलघेवडा. विमानात बसून गेला त्यानंतरही दोन दिवस रेडिओवर बोलत होता. आम्हाला वाटलं दक्षिणेतून बोलतोय, चांगलंय, विसरला नाही.

भांडी तशीच पडली आहेत. उठवत नाही.

१४ जून

ऐंशी. ऑफिस म्हणतं यंत्र बिघडलंय, पुढच्या महिन्यात माणूस पाठवू.

आज सहाला उविलूकच्या घरी जाऊन बसले. तिच्या संचाचं बोलायचं बटण दोन वर्षांपूर्वी मोडलं, तिने दुरुस्त केलं नाही, म्हणे मला ऐकायचंच असतं. सहा वाजले. माझ्या हातात कप होता. तोंड मिटलेलं होतं. आणि संचातून मी बोलले.

माझाच आवाज. वाक्य संपताना मी थोडी खाली उतरते, तसाच उतरणारा. अकुमालिकला म्हणाले, की बर्फ मस्त आहे, वळसा कशाला घालतोस, सरळ ये. आईलाही आई म्हणाले. अकुमालिक काहीतरी बोलला, आणि मी हसले. तिथे, त्या पेटीत.

उविलूकने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पेटीकडे. मग हळूच नाक मुरडलं. घरी पळत आले, माझ्या संचावरून ओरडले. खरखर.

उविलूक मागून आली. दारात उभी राहून म्हणाली, वरचं खाली आलं, की वरचे बोलणारच. दिवसा आकाशातला रात्रीचा नाचरा उजेड दिसत नाही म्हणजे नसतो असं थोडंच आहे? आजी मला धीर द्यायला आली होती की काय, कळलं नाही.

१५ जून

गावातून त्यांना सांगायला जाणार तरी कोण? सगळ्या गाड्या वसंताच्या शिकारीला गेल्या, उरलेत म्हातारे आणि मी. पोलिसाला सांगितलं. तो म्हणाला, विमान धुक्यामुळे अडकलंय, सोमवारी बघू. आणि बर्फ कसं आहे ते तूच का नाही सांगत त्यांना रेडिओवर, तुझा आवाज तर रोज येतो.

चाळीस किलोमीटर आहे. चालत निघाले होते सकाळी. काठापासून थोड्याच अंतरावर गुडघ्यापर्यंत आत गेले. उविलूकने काठीने ओढून काढलं. शिव्या दिल्या. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी नीट शिव्या दिल्या.

एकतीस.

१६ जून

लागला. रेडिओ लागला.

सहाला मी ओरडले, सरळ येऊ नका, नदीच्या तोंडाशी बर्फ सडलंय, बेटामागून या, ऐका माझं. आणि अकुमालिक बोलला. स्वच्छ. घास चावल्याचं ऐकू यावं इतका स्वच्छ. पण आवाज असा, जसा तो परक्या कुत्र्याशी बोलतो. म्हणाला, माझ्या बायकोने सांगितलं होतं तू येशील. गुरुवारीच म्हणाली होती, माझ्यासारखाच आवाज येईल, घाबरलेला, रडका, वळसा घाला म्हणेल, त्याचं ऐकू नकोस. माझी बायको आयुष्यात अशी रडली नाही.

मी रडत होते ते मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

म्हटलं, अरे मीच. काहीही विचार. तो म्हणाला, विचारून काय उपयोग, तिने सांगितलंय तुला सगळं माहीत असतं. मागून आई म्हणाली, बाबा, बंद करा ना, मला भीती वाटते.

माझी भीती वाटते तिला.

बारा किलोमीटर. आजच्या कागदावर. ढगांइतकंच उंच.

१७ जून

झोप नाही. किती दिवस, मोजत नाही.

सहाला ती बोलली. आता माझ्या संचावरही येते. मी बटण दाबून मध्ये मध्ये ओरडत होते, ती माझ्यावरून शांतपणे बोलत होती. ते उद्या निघताहेत. सहाला बेटापाशी थांबून, रेडिओची तार ताणून, शेवटचं विचारणार — सरळ की मागून.

तीन किलोमीटर. खोपटात सकाळी सुई स्थिर राहत नव्हती, आंधळ्यासारखी चाचपडत होती. वर बघितलं. आकाश निळं. काहीच नाही. पण कानांना दडे बसतात.

उविलूक रात्रभर शेजारी बसली. म्हणाली, झोप पोरी. डोळे मिटले तरी ऊन आत येतं.

१८ जून, दुपार

सुचलं. का नाही सुचलं आधी —

मी जे सांगेन त्याच्या उलट तो करणार. मग मी म्हणायचं, सरळ ये. ती काय म्हणेल ते म्हणो. मी खोटी, तेव्हा माझं ऐकून तो वळसा घेणार. एवढंच. उविलूकला सांगितलं. तिने भुवया उंचावल्या नाहीत, नाकही मुरडलं नाही. दमून भिंतीकडे बघत बसली.

नऊशे मीटर.

१८ जून, सहा वाजून दहा

लिहून ठेवते. सगळं लिहून ठेवते.

सहाला तो आला. विचारलं, कसं यायचं.

मी म्हटलं, सरळ ये. नदीच्या तोंडावरून. बर्फ मस्त आहे. मला रडत, ओरडत म्हणायचं होतं, म्हणजे तो ओळखेल की ही ती दुसरी. पण रडायला काही उरलं नव्हतं. सहा दिवसांत सगळं संपलं. आवाज नुसता सपाट निघाला, वाक्य संपताना खाली उतरणारा, रोजचा, घरातला.

मग ती बोलेल म्हणून थांबले.

बोलली नाही. खरखर पण नाही. काहीच नाही. पेटी स्वच्छ.

अकुमालिक हसला. म्हणाला, आता कशी तू वाटलीस. दमलेली. घर लावून दमलीस ना? कालची ती रडकी बया पुन्हा बोलली तर बघून घेतो. आईने ओरडून सांगितलं, की येते गं, मासा आणते तुला. मी बटण दाबून किंचाळले, नको, नको — पण त्यांनी तार गुंडाळली होती.

यंत्र वाजलं. कागद बाहेर आला. दोनशे बावन्न किलोमीटर. थर परत जागेवर.

उविलूक दार उघडून काठाकडे — गुडघ्याने धावते आहे, ओरडते आहे —

बेटाच्या पुढून काळा ठिपका निघाला. मागे दुसरा, लहान. स्लेज. मागून नाही, पुढून. सरळ. ऊन असं आहे की सगळं दिसतं, आईची लाल टोपी इथून —

हात हलवते आहे ती, मला —