स्टार्टर मीच बदलला

२ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. गाडीचा स्टार्टर मी बदलणार. मेकॅनिक नको, कुणाची मदत नको.

कारण लिहून ठेवते, म्हणजे मागे हटता येणार नाही. आमची गाडी माझ्याहून वयाने मोठी. किल्ली फिरवली की नुसतं टक् वाजतं. मग रोज सकाळी तोच खेळ. दादा आत बसतो. बाबा इस्त्री बाजूला ठेवून हातोडी घेऊन येतात, बॉनेट उघडतात, लोखंडी कांब आत स्टार्टरवर टेकवतात आणि तिच्या डोक्यावर ठोकतात. फिरव, म्हणतात. फिरवली, दादा म्हणतो. परत फिरव. थांबा, हळू मारा. लागली का, सुरू झाली का? लागली. मग धुतलेल्या चादरींचे गठ्ठे घेऊन गाडी गेस्ट हाउसांच्या फेरीला जाते. एका मोटरीपायी दोन माणसं जुंपलेली! कॉलेजात स्वावलंबनावर मी इतकं बोलले, आणि घरात हे.

खरं कारण वेगळं आहे. मी कॉलेजात जावं म्हणून दादाने शाळा सोडली आणि हातात स्टेअरिंग घेतलं. माझा निकाल लागला त्या दिवशी बाबा पाहुण्यांना म्हणाले, ही आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आणि हा? हा आपला गाडी हाकतो. दादाने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला. तेव्हापासून दोघांत अबोला. समोरासमोर बसून आईमार्फत बोलतात. त्याला सांग, मीठ दे. त्यांना सांग, त्यांच्याच पुढे आहे.

हे सगळं माझ्या पदवीमुळे. निदान दादाची सकाळ तरी सोपी करून देईन.

५ नोव्हेंबर, बुधवार

व्हिडिओ पाहिला. दोन बोल्ट, दोन वायरी. त्यातला माणूस पाऊण तास घेतो, पण निम्मा वेळ तो बोलतच असतो. मी बोलणार नाही. वाचता येणाऱ्या माणसाला जगात काहीच अवघड नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार काकांनी विचारलं, कुठला स्टार्टर? मी म्हणाले, जुन्या गाडीचा. ते म्हणाले, ताई, इथे येणाऱ्या सगळ्यांच्या गाड्या जुन्याच असतात, जुना काढून आणा, बघून देतो. योग्यच आहे. तसंही आधी काढायचाच होता.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी

काढायला घेतला. आधी बॅटरीची वायर सोडायची, हे वाक्य व्हिडिओत जाहिरातीनंतर आलं, त्यामुळे माझ्याकडून सुटलं. ठिणगी उडाली आणि पान्याचा टवका गेला. मी किंचाळले. आईला सांगितलं, झुरळ होतं.

तोच दिवस, संध्याकाळी

खालचा बोल्ट दिसतो, पण तिथे हात पोचत नाही. वरच्याला हात पोचतो, पण तो दिसत नाही. शेवटी सुटला. स्टार्टर माझ्या छातीवर पडला. दिसायला पावशेर, वजनाला जातं.

गाडीखाली अंथरायला धुतलेल्या गठ्ठ्यातली चादर घेतली होती. तिच्यावर माझ्या पाठीचा नकाशा उमटला आहे, ग्रीसमध्ये. रॉकेल, साबण, लिंबू, सगळं झालं. बाबा ती घासत बसलेत. रागावले असते तर बरं झालं असतं. यापुढे पोतं वापरीन.

१० नोव्हेंबर, सोमवार

काकांनी जुना पाहून सांगितलं, असा गुरुवारी येईल. गुरुवार! मी गृहीत धरलं होतं की दुकान म्हणजे माल आलाच.

आज गाडी ढकलावी लागली. दादा आत. बाबा, आई आणि मी मागे. बाबा ओरडले, दुसऱ्या गिअरात टाक! दादा खिडकीतून ओरडला, टाकलाय कधीचा, तुम्ही ढकलताय की टेकून उभे आहात? बाबा म्हणाले, बापाला शिकवतोस? सोड क्लच, सोड! गाडीने हिसका दिला आणि सुरू झाली. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून हसत होते, दम लागल्यामुळे असणार. दादाने आरशात पाहून हात हलवला, बहुधा आईला.

मला रडू आलं. या वयात बाबांना माझ्यामुळे गाडी ढकलायला लागते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तिसऱ्या दिवशीही ढकलणं. दादा बाबांना म्हणाला, चपला घालून कसले ढकलता, पाय घसरेल. बाबा आत जाऊन बूट घालून आले. मग म्हणाले, बूट घातलेत, आता तरी नीट चालव. दादा म्हणाला, बुटांचा आणि माझ्या चालवण्याचा काय संबंध?

दोघांची वेगवेगळी माफी मागितली. दोघांनीही विचारलं, कशाबद्दल? किती मोठ्या मनाची माणसं आहेत. अपराधी वाटून जेवण गेलं नाही. उद्या सगळं संपवते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नवा स्टार्टर आणला. बसवणं म्हणजे काढण्याच्या उलट, असं सांगून व्हिडिओतला माणूस हसला आणि व्हिडिओ संपला. उलट वगैरे काही नसतं. पण अंधार पडायच्या आत बसवला. पोत्यावर झोपून. आधी बॅटरी सोडून. वायरी पुन्हापुन्हा ओढून पाहिल्या. वरचा बोल्ट आता मला डोळे मिटूनही सापडतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

यश! दादाने किल्ली फिरवली आणि गाडी लागली. ठोकणं नाही, ढकलणं नाही. दादा म्हणाला, बरं. आणि गेला. बाबा बूट घालून उभे होते. हातात हातोडीही होती. थोडा वेळ उभे राहिले, मग आत गेले.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. खरी कृतज्ञता बोलून दाखवत नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरात फार शांतता आहे. बाबा अजून त्याच वेळी बाहेर येतात. काच पुसतात, पुसलेली असली तरी. दादा बसतो, किल्ली फिरवतो, जातो. बाबा फडकं झटकून आत येतात.

सवय आहे, जाईल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आईला म्हणाले, गाडी नीट झाली तरी कुणी खूश दिसत नाही. आई चादरीची घडी घालत होती. म्हणाली, ठोकाठोकीच्या निमित्ताने तरी चार शब्द बोलत होते दोघं. आख्ख्या दिवसात तेवढेच. तेही तू काढून दुकानात नेऊन दिलेस. घडीचं दुसरं टोक धर.

मी म्हणाले, तू आधी का नाही सांगितलंस? आई म्हणाली, तू विचारतेस कधी? तू तर ठरवून येतेस.

हे मात्र अन्यायाचं आहे. पण टोक धरलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही. अबोला माझ्या पदवीमुळे, आणि राहिलेलं बोलणं गेलं माझ्या कष्टांमुळे. पण जे बिघडवता येतं ते दुरुस्तही करता येतं. इथे क्रम तेवढा उलटा करायचा आहे. स्टार्टरची बारीक वायर पहाटे सैल करून ठेवते. रोज नाही. आठवड्यातून दोनदा पुरे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

किल्ली फिरवली, काही नाही. टक्सुद्धा नाही. बाबा हातोडी घेऊन आले, जवळजवळ धावतच. फिरव, म्हणाले. दादाने फिरवली. परत फिरव. बाबांचा आवाज इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी दाराआड उभी राहून मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग दादा उतरला, आत वाकला, वायर खोचली. गाडी लागली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ग्रॅज्युएट बाई, नखं धुवा. वायर आपोआप सुटत नसते. मी म्हणाले, पण तुम्ही बोललात ना! तो म्हणाला, गाडीबद्दल बोललो. त्यांच्याशी नाही.

मागे उभ्या असलेल्या बाबांनी हे ऐकलं. हातोडी ठेवून दिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दादा जाणार. दुसऱ्या शहरात, कुरिअरच्या ट्रकवर. नोकरी केव्हाच चालून आली होती म्हणे. आईला म्हणाला, आजवर अडलं होतं ते गाडीमुळे. ठोकायला एक आणि फिरवायला एक, एकट्या माणसाचं काम नव्हतं ते. आता एकट्यालाही सुरू होते. फेरी ते करतील. इस्त्रीला ही आहे.

ते म्हणजे बाबा. ही म्हणजे मी.

बाबा आईला म्हणाले, त्याला सांग, तिकडे थंडी असते. दादा तिथेच बसला होता.

रात्री मी दादाकडे गेले. मोठं भाषण तयार केलं होतं, संवादावर. तो बॅग भरत होता. म्हणाला, चेन लागत नाही, जरा बॅगेवर बस. बसले. चेन लागली.

३० नोव्हेंबर, रविवार

दादाला बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडी बाबांनी चालवली. दादा त्यांच्या शेजारी, आई आणि मी मागे. बाबांचा क्लचवरचा पाय आता तितका सराईत नाही. सिग्नलला गाडी बंद पडली. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

दादाने लगेच दाराच्या कडीला हात घातला, उतरून ढकलायला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मी मनात गाडीला म्हणत होते, नको लागूस, आज एकदाच नको लागूस.

सवयीने बाबांच्या हातून किल्ली फिरली. गाडी लागली.

दादाने कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

स्टँडवर तो आईला म्हणाला, त्यांना सांग, पोचलो की फोन करतो. ते दोन पावलांवर उभे होते.

येताना मी पुढे बसले. घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, गाडी चांगली लागते आता.

मी म्हणाले, हो.