‘स्नार्ट’ म्हणजे कधी

आप्पा,

डेन्मार्क नावाचा देश तुम्हाला कधी माहीत असायचं कारण नव्हतं. मलाही लेक तिकडं नोकरीला गेली तेव्हाच तो कळला. तिची मुलगी, म्हणजे तुमची पणती, तिथंच जन्मली. तिला मराठी समजतं, पण बोलते तिकडचं. म्हणून मी या वयात एकेक शब्द शिकतेय, शिरूरच्या याच स्वयंपाकघरात, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून, भाकरी थापता थापता. शाळेत असताना तुम्ही माझ्या इंग्रजीला हसायचात. आता ऐकलं असतंत तर काय म्हणाला असतात कुणास ठाऊक.

मला पहिल्यांदा नीट जमलेला शब्द ‘स्नार्ट’. म्हणजे लवकरच. लेक म्हणाली, “आई, यातला र गिळायचा.” मी म्हटलं, “सगळंच गिळलं तर बोलू काय?” पण जमला, आणि जमला तसा मी तो मिठासारखा सगळीकडं टाकायला लागले. नात स्नार्ट पाच वर्षांची होणार. कुकर स्नार्ट शिट्टी देणार. फोन ठेवताना नात विचारायची, आजी कधी येणार? आणि मी ऐटीत सांगायची, “याय कॉमर स्नार्ट.” मी लवकरच येते. ती उड्या मारायची. मला वाटायचं, बाई, काय भाषा आली मला.

मग नात फोनवर येईनाशी झाली. आज झोपली, आज खेळतेय, असं लेक सांगत राहिली आणि शेवटी एकदा म्हणाली, “आई, तिला स्नार्ट म्हणत जाऊ नकोस. तुझा फोन झाला की ती बूट घालून दारात बसते. काढू देत नाही. परवा तशीच झोपली. आता म्हणते, आजी खोटं बोलते.”

“अगं, पण बूट कशाला?”

“इथं बालवाडीत बाई म्हणतात, स्नार्ट बाहेर जायचंय. मग मुलं बूट चढवतात आणि खरंच बाहेर जातात. तिला स्नार्ट म्हणजे तेवढंच माहीत आहे.”

तवा तापला होता, तो मी तसाच खाली उतरवला. त्या दिवशी भाकरी झाल्याच नाहीत, कालच्या भातावर भागवलं. आपल्याकडं दारात उभं राहून ‘येऊ की लवकरच’ म्हणायची रीत आहे. म्हणणाऱ्याला माहीत असतं की येणं होणार नाही, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. नाही म्हणून कुणाचं मन कशाला मोडायचं, एवढंच त्यात असतं. तीच रीत मी परक्या भाषेत घालून त्या लेकराला दिली, आणि ते बिचारं बूट घालून बसलं.

तेव्हा तुमची फार आठवण आली. ही रीत तुम्ही कधी पाळली नाहीत. आपल्या पाटसला सगळे तुम्हाला तुसडा म्हणायचे. कुणी जेवायला बोलावलं की तुम्ही तोंडावर सांगायचात, “न्हाई जमायचं.” जमणार असेल तर, “भोंगा झाला की येतो.” साखर कारखान्याचा भोंगा सगळ्या गावाला ऐकू जायचा, आणि तिथली पाळी संपवून भुशाची कुसं अंगावर घेऊन तुम्ही बरोबर त्या दारात असायचात.

माझा दिवाळसण आठवतो? लग्नानंतरची पहिली दिवाळी. शेजारच्या नव्या सुनेचे वडील तिला न्यायला आलेत, आणि मी पिशवी भरून सासरच्या ओट्यावर बसलेय. तुमचा निरोप येतो: दिवाळीला न्हाई जमायचं, बॉयलर पेटलाय, पट्टा पडला की येतो. पट्टा पडला की, म्हणजे गाळप संपलं की, म्हणजे पार उन्हाळ्यात. सासूबाई म्हणतात, “तुझ्या बापाला गोड बोलाया पैसं पडत्यात का गं?” मी मोरीत जाऊन रडते. आणि मग कडक उन्हात तुम्ही उभे. हातात दिवाळीचं लुगडं, डब्यात उन्हानं पाघळलेल्या करंज्या. पट्टा आदल्या दिवशी पडला होता. सासूबाईंनी स्वतः उठून पाणी दिलं. त्यानंतर तुमच्याविषयी त्या कधी वाकडं बोलल्या नाहीत.

म्हणून मी ठरवलं, नातीला तुमच्यासारखं सांगायचं. लवकरच नाही, अमुक झालं की. आणि तिथंच घोडं अडलं. तुमचे जावई गेल्यापासून या घरात सासूबाई आणि मी दोघीच. त्यांना आता धरून उठवावं लागतं. त्यांच्या लेकीकडं, म्हणजे माझ्या नणंदेकडं इनामगावला ठेवावं, तर लेकीच्या घरी पाणी प्यायचं पण मुक्काम करायचा नाही, असा त्यांचा जन्माचा हट्ट. मग मी कधी जाणार? काय झालं की? त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला माहीत होता, आप्पा. तो मनात आला आणि मला माझीच लाज वाटली.

सासूबाईंना ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बशीत ओतताना त्या म्हणाल्या, “पोर कवा येणार म्हणून इचारती, आन् तुला सांगता यीना. माझं मरान कसं सांगशील तिला?”

मी म्हटलं, “असं काय बोलता?”

“खरं बोलते. तू लेकीकडं जाऊन ऱ्हाणार ना? सातासमुद्रापल्याड? मंग म्या इनामगावला ऱ्हायलं तर काय बिघडतंय? जग बदललं म्हनं.” चहा संपवून त्यांनी बशी पालथी घातली. “पन त्यांचा ऊस तुटू दे. तवर त्यांच्या घरात कुनाला उसंत न्हाई. ऊस तुटला की जाते, सांग तिला.”

मी त्यांचे पाय दाबत बसले.

त्या आठवड्यात लेकीनं नातीला कसंबसं फोनसमोर आणलं. ती पाठ करून बसली. मी म्हटलं, “स्नार्ट नाही. ऊस तुटला की.” लेकीनं तिला उसाचा फोटो दाखवला, हा एवढा उंच, तो कापतात, मग आजी येते. नात वळली. आता दर फोनला पहिला प्रश्न तोच, आणि मराठीत: “ऊस तुटला?” मी सांगते, नाही गं, तोडणीवाल्यांची टोळी यायचीय. ती मान डोलावते आणि खेळायला जाते. रुसत नाही. बूटही घालत नाही.

हे तुम्हाला कुठल्या पत्त्यावर धाडू? ठेवते आपलं पिठाच्या डब्यामागं. फक्त एक सांगते, हसू नका. इनामगावचा ऊस अजून हिरवागार उभा आहे. पण लेक म्हणाली तिकडं चपला चालत नाहीत, म्हणून मी बाजारातून बूट आणलेत. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की ते घालते आणि उंबऱ्यात जाऊन बसते.