दोन शटरं

१ फेब्रुवारी
काल मोबाईलवर एका मॅनेजमेंटवाल्याचं भाषण ऐकलं. परिस्थिती बदलली की धंद्यानेही कूस बदलायची. मला हे मनातून आधीच माहीत होतं.
परिस्थिती: बाबांनी थाटलेलं बुटांचं दुकान. समोरचा रस्ता पाइपसाठी खणलाय. गिऱ्हाइकं पलीकडच्या फुटपाथवरून हात करतात. मीही करतो. विक्री शून्य.
मेहुण्याचा निरोप आलाय, एप्रिलअखेर जमलं नाही तर दुकान बंद करून माझ्या गोदामात या, हजेरी घ्यायला माणूस हवाच आहे. मनातल्या मनात हसलो.

६ फेब्रुवारी
स्ट्रॅटेजी ठरली. दुकानाचं तोंड मागच्या गल्लीकडे. मागची भिंत फोडून शटर.
ही म्हणाली, रस्ता आज ना उद्या बुजवतीलच, जरा दमाने घ्या. थांबला तो संपला, असं सांगितलं. माणसाला व्हिजन असावी लागते. सगळ्यांना नसते.

२० फेब्रुवारी, दुपारी
दुकान फिरवलं. काउंटर, आरसा, बाक, पाटी, सगळं मागच्या बाजूला. कंबर धरली आहे. गल्लीच्या तोंडाशी कामवाल्यांचा एक बोर्ड आयता सापडला, त्यावर सेलचं पोस्टर चिकटवलं. खर्च नाही, जाहिरात मोठी.

१ मार्च
पुढचा रस्ता तयार. गुळगुळीत.
मागची गल्ली आज सकाळी खणली. पाइप इकडूनच पुढे जायचा आहे म्हणे. मुकादमाला जाब विचारला. तो म्हणाला, साहेब, बोर्डवर तारखेसकट लिहिलं होतं, कोणीतरी त्यावर बुटांचं पोस्टर चिकटवलं.
विषय वाढवला नाही. ही फक्त म्हणाली, वरातीमागून घोडं.

२ मार्च
नवी स्ट्रॅटेजी. दोन्ही शटरं उघडी. आता कुठेही खणा.

९ मार्च
गर्दी! गल्लीचं तोंड खणलेलं, म्हणून गल्लीतली माणसं बसस्टॉपवर जायला आपल्या दुकानातून जातात, संध्याकाळी तशीच परततात. शाळेची पोरं, दूधवाला सायकलसकट. एकाने आपुलकीने विचारलं, रविवारी उघडं असतं का? ऊर भरून आला. मग कळलं, तो रस्त्याबद्दल विचारत होता.

१४ मार्च
चिखल. फरशी ओळखू येत नाही. दोन्हीकडे पाट्या लावल्या: पाय पुसून आत या.
पांढऱ्या लेदरच्या बुटांची ऑर्डर दिली. एवढी गर्दी आहे, माल तसाच हवा. ही म्हणाली, लोक चिखल तुडवत येतायत, रबरी बूट आणू या. म्हटलं, आपल्या दुकानाला ते शोभत नाही. तिने माहेरी फोन लावला. हे लक्षण चांगलं नाही.

२२ मार्च
हिने माहेरच्या ओळखीने रबरी बूट आणून कोपऱ्यात मांडले. मी परवानगी दिली. तिने मागितली नव्हती, हा भाग वेगळा.

३ एप्रिल
रबरी बूट संपले. पुन्हा मागवलेत.
पांढरे बूट एका आजोबांनी घातले. पाय दुखत होते म्हणून टेकले होते, तेवढ्यात घालून पाहिले. काढले आणि बसस्टॉपकडे गेले.
काउंटर मध्यभागी आणला. दोन्हीकडे नजर राहील. लोक त्याला वळसा घालून जातात.

११ एप्रिल
आज भीती वाटली. बाबा याच बाकापुढे उकिडवे बसून गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायचे. पाय बघून माणूस ओळखायचे. मी दोन महिने नुसती दारं बघतोय.
हे खोडायचं आहे. नकारात्मक विचार धंद्याला मारक.

१८ एप्रिल
काउंटर हिने भिंतीला लावून घेतला. पांढरे बूट माळ्यावर गेले. त्यांच्या जागी छोट्या मापाचे रबरी बूट, शाळेच्या पोरांसाठी. दुकानात मला उभं राहायला नेमकी जागा कुठे, ते विचारलं. म्हणाली, वाटेत नको.

३० एप्रिल
मेहुण्याला फोन केला. दुकान चालू आहे, चांगलंच चालू आहे, पण मी येतो म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही. भला माणूस आहे.

२ मे
गोदामात रुजू. तात्पुरता. बाहेर राहून बाजाराचा अभ्यास.

३ मे
गोदाम मागच्या गल्लीच्या टोकाला. घरून जवळची वाट दुकानातूनच. गेलो तसाच, डबा काखेत. दुकानात बरीच माणसं. ही बाकापुढे उकिडवी बसून एका मुलीच्या पायाचं माप घेत होती. वर न बघताच म्हणाली, पाय पुसून आत या.
पुसले. मागच्या शटरने बाहेर पडलो.