आबांच्या सुतकातलं नाटक

जबलपूर, सप्टेंबर १९४४

तीर्थरूप आसाराममामांना भाचा कानिफनाथ याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मामींचा गुडघा दुखायचा थांबला असंल, गाय व्याली असंल आन आबा रोजच्यासारखे माझ्या नावानं ओरडत असतील, तर घरी सगळं ठीक हाय असं मी समजतो.

मामा, मी इथं लई मोठा झालोय. कारखान्यात तोफांच्या गाड्यांना रिबिटा ठोकतो, पण ते पोटासाठी. खरं काम नाटकाचं. औंदा इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत तीन अंकी नाटक लिहिलं मी, बसवलं मी, त्यात सेनापतीही मीच. (चौथीत शाळा सोडली तवा गुरुजी हसले होते. त्यांना सांगा, तिसऱ्या अंकात सात माणसं मरत्यात.) पण चार दिवस उरले आन राणीचं काम करणारा आपल्या नगरचा लालमहंमद टेलर तापानं आडवा झाला. राणीची भाषणं पाठ असणारा दुसरा मीच. लेखकही मीच असल्यानं सेनापतीला पडदा उघडायच्या आधीच लढाईत मारला आन मिशी उतरवली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकात सगळे माझं बिनमिशीचं तोंड बघून हळहळले. आमचे मुकादम काकासाहेब (राहुरीचे, मनानं लई हळवे) माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, तुझे वडील गेले आन तू कामाला आलास?" डोक्यावर टोपी होती, म्हणून केसांकडं कुणी पाहिलं न्हाई. मामा, देवाशपथ मी खरं सांगणार होतो. पण याच मानसानं तालमीसाठी एक दिवसाची रजा दिली नव्हती, आन आता म्हणत होता, "दहा दिवस खोलीवरच बस." मी मान खाली घातली. तेवढाच अभिनय केला.

तालमी झकास झाल्या. पण सुतकातल्या मानसाला गणपतीच्या मांडवात पाय ठेवता येतो का? म्हणून राणी लालमहंमदच हाय असं सगळ्यांना सांगितलं. राणीच्या विलापाला काकासाहेब पहिल्या रांगेत ढसाढसा रडले आन मेडल दिलं ते लालमहंमदला. तो अंथरुणात ते छातीला लावून झोपतो. मी कुणाला सांगू?

आपला,
कानिफनाथ (लेखक, दिग्दर्शक, नट)

ता. क. काकासाहेबांनी आईच्या नावानं सांत्वनाचं पत्र टाकलंय. घरची पत्रं तुमीच वाचून दाखवता. ते चुलीत घाला.

आणखी ता. क. हे आत्ताच कळलं. काकासाहेब रजेवर निघालेत आन सर्वपित्रीच्या दिवशी बेलापूर ठेशनावर उतरून आईला भेटायला घरी येनार हायत. त्यांना खरं कळलं तर माझी नोकरी गेली, आन आबांना कळलं तर माझा जीव. म्हणून आईला मामींकडं बसवा, ती कुंकू लावून दारात आली की नाटक पडलं. ओट्यावर आईच्या जागी कडूबाई आत्या पदर ओढून बसंल. तिनं फक्त रडायचं, बोलायचं न्हाई. तुमी पाणी द्यायचं आन उसासा टाकायचा (एकच, तुमी जास्त करता). आबांना पहाटंच्या गाडीनं नगरला न्या. त्यांचं काम एवढंच, दिवसभर दिसायचं न्हाई. पण सगळं नाटक त्यांच्यावरच उभं हाय.