मी दुरुस्त केलेलं रक्तदाबाचं यंत्र

ती. दादास,

जुन्या नोकरीचा विमा संपला आणि नव्या नोकरीचा पुढच्या महिन्यात सुरू होणार, हे तुला ठाऊक आहेच. हिला सातवा लागलाय. तू पैसे देऊ केलेस तेव्हा मी ऐटीत "माझं मी बघतो" म्हणालो. मग भंगारातलं रक्तदाबाचं यंत्र आणून दुरुस्त केलं आणि दवाखान्याचा खर्च टाळायला तपासणी घरीच सुरू केली.

आज काटा भलताच वर गेला. हिचं डोकं ठणकतंय, सुजलेल्या बोटातली अंगठी निघत नाही. तरी हसून म्हणते, "अहो, भंगार ते भंगारच. यंत्र चुकलं असेल."

माझ्या कामाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. आज मात्र मनापासून वाटलं, चुकलेलंच असू दे. मग पट्टा माझ्या आणि शेजारच्या काकांच्या दंडाला बांधून पाहिला. दोघांचेही आकडे दवाखान्यात येतात तेच आले. यंत्रात खोट नाही, दादा.

पत्र टाकून उत्तराची वाट बघण्याइतका वेळ नाही. गाडी बोलावलीय. दवाखान्यातून तुला फोन करीन. तेव्हा यातलं काही सांगत बसणार नाही. लगेच ये आणि पैसे घेऊन ये, एवढंच म्हणेन.

तुझा,
धाकटा