माहेर कुठलं?

१२ जानेवारी, बुधवार
आज आठवा दिवस. अजून कुणाच्या पाठीला हात लावू दिलेला नाही. हाडवैद्य अप्पांच्या दवाखान्यात माझं काम म्हणजे चटया झटकणं, शेकायची वाळू तव्यावर तापवणं, तेल काढून ठेवणं, आणि पेशंट दारातून आत येताना बघणं. नुसतं बघणं! "चप्पल कंच्या पायातली आधी काढतो, कशाला धरतो, ते बघ," म्हणाले. मी मॅट्रिक पास बाई, लोकांच्या चपला बघून राहिले. ह्यांना सांगितलं तर हसता हसता ठसका लागला. स्वतः नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई, दिवसभर साहेबाच्या दाराकडं बघत बसतात. तसं म्हटल्यावर ठसका थांबला.

पण दुपारी एक ड्रायव्हर आला. तो उंबऱ्यातच होता, मी मनात म्हटलं, उजवीकडं. अप्पांनी हात ठेवला तो उजवीकडंच.

१७ जाने., सोमवार
धोतराच्या घडीखाली ज्वारीचा दाणा. डोळे मिटून बोटांनी शोधायचा. एक घडी, दोन, चार. दाणा जमला की तीळ. माझा तीळ चार घड्यांखाली हरवतो.

अप्पा बहात्तर वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सात घड्यांवरून बोट फिरवलं नि म्हणाले, "दोन हायती." मी म्हटलं, एकच ठेवलाय. उघडून बघितलं. दोन होते! एक बोटाला चिकटून गेला असणार. तीळ वेचत बसले.

२९ जाने., शनिवार
आज खरं काम मिळालं. विचारायचं.

पेशंट पालथा झोपतो. अप्पा मणक्यावर दोन्ही तळवे टेकवतात आणि थांबतात. मी पायाशी, घोटे धरून. अंग सैल पडलं की घोट्यातून कळतं. तेव्हा मी विचारायचं, "गाव कुठलं?" तो नाव घेतो, नावाबरोबर श्वास सुटतो, त्याच क्षणी अप्पांचा हात. टक्. झालं. वाकून आलेला माणूस उठून स्वतःच्या कंबरेला हात लावून बघतो.

"आपल्या गावाचं नाव घेताना माणूस आखडत न्हाई," अप्पा म्हणाले. मी विचारल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. चाळीस वर्षं हे काम त्यांच्या मंडळींनी केलं. त्या मागच्या साली गेल्या. बायांचे पाय धरायला बाईच हवी, म्हणून मी.

१४ फेब्रु., सोमवार
माती खाल्ली. पेशंट आला की वहीत गाव, तालुका, जिल्हा लिहून घेते, तेच तोंडात बसलंय. उदगीरचा म्हातारा, अंग छान सैल, आणि मी विचारलं, "जिल्हा कुठला?"

लागला विचार करायला! "उस्मानाबाद... न्हाई न्हाई, आता लातूर झाला न्हवं?" पाठ लाकडासारखी. अप्पांचे हात जागच्या जागी थांबले. म्हातारा वर मान वळवून मलाच विचारतोय, जिल्हा केला ते बराबर, नळाला पाणी कधी करत्यात? अप्पा हसले, पण नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, माझा हात पडला आसता तर?" हसणं कुठल्या कुठं गेलं.

आणखी एक शिकले. बायांना गाव नाही विचारायचं. सासरचं सांगू की माहेरचं, ह्यातच आखडतात. माहेर विचारायचं. घरी भाकरी थापताना स्वतःलाच विचारलं, मोठ्यानं उत्तर दिलं, "हिमायतनगर." खांदे खरंच खाली आले.

३ मार्च, गुरुवार
पावसानं दगा दिल्यापासून दुष्काळी कामं. खडी फोडणं, दगड वाहणं. बाहेरच्या ओट्यावर जागा नाही. सगळ्यांचं एकच, कंबर.

एका बाईनं आडनाव विचारलं. सांगितलं. तिनं पाय ओढून घेतले. मी तशीच बसून, हात हवेत. अप्पा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. तेल पुसत म्हणाले, "पाय हिच्या हातात देयाचे नसतील तर पाठ माझ्या हातात देऊ नका." बाईनं जरा वेळानं पाय पुढं केले. मी धरले. घरी बुद्धवंदना म्हणताना अप्पांचा चेहरा समोर.

संध्याकाळी मी निघताना अप्पा म्हणाले होते, हात लावायचा कसा हे कुणीबी शिकतं. कुणाला लावायचा न्हाई, ते शिक. संध्याकाळचा ताप येतो त्याला. वाळत चाललाय त्याला. पायातलं भान गेलंय त्याला. सरळ सरकारी दवाखान्यात.

२१ मार्च, सोमवार
आजचं सगळं नीट लिहिते.

निलंग्याकडची मुक्ताबाई, तिशीची, दिराबरोबर एसटीनं आली. खडीवर होती. "दगड उचलताना भरली," दीर म्हणाला. गर्दी एवढी की मी दाराकडं बघितलं न बघितलं. पालथी झोपली. अप्पांनी हात टेकवले. मी घोटे धरले.

अंग सैल होतं. पण उजवा पाय... सैल नव्हे. रिकामा. मी अंगठा दाबला, तिला कळलंच नाही. मग आठवलं. आत येताना तिची उजवी चप्पल उंबऱ्याशीच गळून पडली होती. तिनं मागं वळून बघितलं नव्हतं.

अप्पा थांबलेले. मी विचारलं नाही.

"इचार की."

मी अंगठा पुन्हा दाबून बघितला.

"बाई, इचार!"

"नको, अप्पा."

कसं बोलले कुणास ठाऊक. अप्पांनी हात उचलले. दीर उसळला, "पहाटंपासनं निघून आलाव, आन् ही कोण न्हाई म्हणणारी?" मी मुक्ताबाईला विचारलं, संध्याकाळी ताप येतो का. म्हणाली, "येतो जरा. कामाचा आसंल."

अप्पांनी दिराला सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगितला. मला दिवसभर एक शब्द नाही.

२२ मार्च, मंगळवार
आजही नाही. फक्त एकदा, भिंतीकडं बघत, "चप्पल मी बी बघाया पायजे हुती."

माझं चुकलं असेल तर? एका झटक्यात बरी होऊन चालत गेली असती तर? हे म्हणतात, झालं ते झालं, जेव. ताट झाकून ठेवलं.

२५ मार्च, शुक्रवार
दवाखान्यात जाऊन आले. फोटो काढलाय. मणक्याचा क्षय. तरुण डॉक्टर, पहिला प्रश्न, "कुणी पाठ दाबली तर नाही ना?"

"नाही."

"नशीब. दाबली असती तर पाय गेलेच होते."

"आता येतील?"

"औषध सुरू केलंय. बघू."

तिथंच जिन्यावर बसून रडले. सुटले म्हणून, आणि ती अजून सुटलेली नाही म्हणून.

अप्पांना सांगितलं. बराच वेळ स्वतःचे तळवे उलटसुलट बघत बसले. मग म्हणाले, "उद्यापासनं पाठीला हात तुझा. मी पायाशी बसून इचारतो." मी नाही नाही म्हणत राहिले. त्यांनी ऐकलं नाही.

९ एप्रिल, शनिवार
पंधरा दिवस झाले. अप्पा पायाशी, मी पाठीशी. त्यांनी विचारलं की माझ्या हाताखाली माणूस असा मोकळा होतो, की दर वेळी वाटतं हे माझ्या हातानं झालंच नाही.

आज दुपारी दोघं मुक्ताबाईला बघायला गेलो. पाठीवर सरळ निजलेली, हलायची बंदी. उजव्या पायाचं बोटसुद्धा अजून हललेलं नाही, नर्स म्हणाली. अप्पा उशाशी उभे राहिले. मी पायाशी बसले, सवयीनं. उजवा अंगठा चिमटीत धरला, हलकेच, तीळ शोधताना धरते तसा.

अप्पांनी वाकून विचारलं, "माहेर कुठलं, लेकी?"

ती छताकडं बघत होती. "औसा. किल्ल्याच्या मागं घर हाय आमचं." आणि श्वास सोडला.

चिमटीत काहीतरी झालं. तिळाएवढं.

"हाललं?" अप्पा.

सात घड्यांखालचा तीळ मला आता सापडतो. पण तिचा अंगठा हलला की माझाच हात कापला, सांगता येईना. अप्पा बघत होते, तीही मान न वळवता माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी म्हटलं, "अप्पा, परत विचारा."